बातमीला कुलूप दिसलं तर: कोकणातल्या वाचकासाठी मोफत आणि सरळ वाटा

देवगड तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात मी आठवड्यातून दोन दुपारी बसते. पुस्तकं देणं-घेणं हे माझं काम, पण अलीकडे लोक पुस्तकापेक्षा मोबाइल घेऊनच जास्त येतात. गेल्या मे महिन्यात शेजारच्या वाडीतले एक काका आले आणि फोन पुढे करून म्हणाले, "माका ह्यो लेख वाचूचो आसा, पण हे पैसे मागतत." मथळा आंब्याच्या फळपीक विम्याचा होता. दोन ओळी स्वच्छ, तिसरी पुसट आणि खाली चौकोन: पुढे वाचण्यासाठी सदस्य व्हा.

काकांची दीडशे कलमं आहेत. त्यांना तो लेख करमणुकीसाठी नको होता, विम्याची रक्कम कशावर ठरते हे समजून घ्यायचं होतं. अर्ध्या तासात ते आम्हाला समजलं, आणि तो लेख आम्ही उघडलाही नाही. ते कसं जमलं, आणि अशा वेळी आणखी काय काय करता येतं, ते पहिल्यापासून सांगते. इंटरनेटवर नुकतेच बातम्या वाचू लागलेल्यांसाठी हे लिहिते आहे, म्हणून सोप्या गोष्टीही सोडणार नाही.

आधी कुलूप कुठलं ते ओळखा

या अडथळ्याला पेवॉल म्हणतात. सगळी पेवॉल सारखी नसतात, आणि फरक कळला की निम्मी चिडचिड कमी होते.

एक प्रकार म्हणजे रोजच्या बातम्या मोफत आणि निवडक लेखांवर 'प्रीमियम' असा शिक्का. मराठी आणि भारतीय इंग्रजी दैनिकांत हा बराच दिसतो. दुसरा प्रकार मोजणीचा: महिन्याला ठरावीक लेख मोफत, नंतर दार बंद. न्यूयॉर्क टाइम्सने २०११ मध्ये हीच पद्धत आणली आणि मग जगभर ती पसरली. तिसरा प्रकार पक्का. पैसे भरल्याशिवाय काहीच नाही. लंडनचा फायनान्शियल टाइम्स त्यातला. आणि कधीकधी ते कुलूप नसतंच, नुसती नोंदणी मागितलेली असते. ईमेल दिला की लेख उघडतो. घाईत लोक 'लॉगिन करा' आणि 'सदस्य व्हा' यातला फरक न वाचताच परत फिरतात. चौकोनातला मजकूर पूर्ण वाचा. नोंदणी मोफत असेल तर करा, मात्र बातम्यांसाठी एक वेगळा ईमेल पत्ता ठेवा, म्हणजे बँकेचे आणि दाखल्यांचे मेल जाहिरातींत बुडणार नाहीत.

मोजणीच्या प्रकारातली एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आमच्या वाचनालयात सगळ्यांसाठी एकच संगणक आहे. महिन्याच्या पाच-सहा तारखेलाच त्यावर 'तुमचे मोफत लेख संपले' असं यायला लागायचं. लोक वैतागायचे, कारण त्यांनी तर एकही लेख वाचलेला नसायचा. झालं असं होतं की वेबसाइट माणूस मोजत नाही, ब्राउझर मोजते, म्हणजे क्रोमसारखं ज्या ॲपमधून आपण वेबसाइट उघडतो ते. ती त्या ब्राउझरमध्ये एक छोटी खूण ठेवते, तिला कुकी म्हणतात, आणि प्रत्येक लेखाला आकडा वाढवते. पहिल्या चार जणांनी वाचलेलं पाचव्याच्या खात्यात जमा. तेव्हा असा संदेश सामायिक संगणकावर आला तर तोच लेख स्वतःच्या फोनवर उघडून बघा. तुमच्या वाट्याचे मोफत लेख तिथे शाबूत असतात. ते जपून वापरायचे असतील तर सवय एकच: मथळा वाचून लगेच बोट ठेवू नका. सटरफटर चार लेख उघडून बसलात, की हवा असलेला पाचवा अडतो.

लेख हवा आहे की माहिती?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. कितीतरी बातम्या कुठल्यातरी उघड्या कागदावरून लिहिलेल्या असतात. शासन निर्णय, न्यायालयाचा निकाल, हवामान खात्याचा इशारा, विद्यापीठाची शिफारस. बातमीला कुलूप लागतं, कागदाला लागत नाही.

काकांच्या बाबतीत आम्ही तेच केलं. मथळ्यात 'हवामान आधारित फळपीक विमा' हे शब्द होते. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांचा वेगळा विभाग आहे. तिथे खात्याच्या यादीतून कृषी विभाग निवडला, 'फळपीक विमा' असं मराठीत टाइप केलं आणि तारखांत मागचे बारा महिने टाकले. यादी आली. प्रत्येक निर्णयापुढे तारीख आणि सांकेतांक असतो. नव्यात नवा निर्णय उतरवून घेतला. पानं बरीच होती, म्हणून पीडीएफमध्ये 'आंबा' हा शब्द शोधला. मग कुठल्या तारखांदरम्यान अवेळी पाऊस किती पडला, तापमान किती खाली किंवा वर गेलं, तर किती भरपाई, याचा तक्ताच समोर आला. काकांनी खिशातून पावतीच्या मागची कोरी बाजू काढली आणि त्यावर आकडे उतरवून घेतले. वर्तमानपत्राच्या लेखात एवढं बारीक लिहिलेलं असतंच असं नाही.

एक सावधगिरी इथेच सांगते. शासन निर्णय दरवर्षी किंवा हंगामागणिक बदलतात. जुना निर्णय हातात धरून तालुक्याला भांडायला गेलात तर फेरी फुकट जाईल. तारीख बघा, आणि 'शुद्धिपत्रक' असा शब्द टाकून पुन्हा एकदा शोधा.

असेच आणखी उघडे झरे आहेत. केंद्र सरकारच्या घोषणा पत्र सूचना कार्यालयाच्या, म्हणजे पीआयबीच्या, संकेतस्थळावर येतात आणि तिथे भाषा बदलून मराठी निवडता येते. राज्य सरकारचं 'महासंवाद' मराठीतच आहे. होडीवाल्यांसाठी हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे आणि मासळी मिळण्याच्या संभाव्य क्षेत्राची माहिती विनामूल्य देते. पावसासाठी भारतीय हवामान विभागाचे जिल्हावार इशारे. पिकांबद्दल दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशी. यातलं काहीही वाचायला एक पैसा लागत नाही, आणि लाटांचा इशारा तर पैसे देऊनही वर्तमानपत्रात शोधत बसू नये, कारण तो ताजाच हवा.

तीच बातमी दुसरीकडे

कागद नसेल आणि बातमीच हवी असेल, तर तीच घटना मोफत कुठे आली आहे ते शोधायचं. मथळा जसाच्या तसा टाकू नका, कारण मग तेच कुलूपबंद पान वर येतं. मथळ्यातून तीन गोष्टी उचला: एक नाव, एक ठिकाण, एक काळ.

उदाहरण देते. बारावीतली एक मुलगी वक्तृत्व स्पर्धेची तयारी करत होती. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यावरचा एक मोठा लेख तिला सापडला होता आणि तो प्रीमियम होता. आम्ही 'विजयदुर्ग युनेस्को जुलै २०२५' एवढंच टाकलं. पहिल्या पानावरच मोफत बातम्या आल्या, त्यात पीआयबीचं निवेदनही होतं. त्यावरून तिने यादी केली: बारापैकी अकरा महाराष्ट्रात, एक तमिळनाडूतला जिंजी. अकरातले पाच आपल्या कोकणातले, म्हणजे रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. मग युनेस्कोच्या जागतिक वारसा केंद्राच्या पानावर जाऊन 'दस्तऐवज' या भागात डोकावलो, तर भारताने पाठवलेला प्रस्तावच तिथे होता. इंग्रजी जड आहे, पण नकाशे आणि छायाचित्रं बघायला इंग्रजी लागत नाही. विजयदुर्ग तिच्या घरापासून एसटीने तासाभरावर. नकाशातली तटबंदी तिने बोटाने फिरवून बघितली आणि भाषणाचा सुरुवातीचा परिच्छेद तिथेच बदलला.

वृत्तसंस्थांची बातमी असेल तर काम आणखी सोपं. लेखाच्या सुरुवातीला किंवा शेवटी 'पीटीआय' असं लिहिलेलं दिसलं, तर तीच बातमी थोड्याफार फरकाने अनेक दैनिकांनी घेतलेली असते आणि त्यातलं एखादं तरी मोफत असतं. दिसणाऱ्या पहिल्या वाक्यातले सात-आठ शब्द अवतरणचिन्हांत टाकून शोधा.

आणि काही जागा मुळातच बिनकुलपाच्या आहेत. २०१७ मध्ये सुरू झालेली बीबीसी मराठी, आकाशवाणीची प्रादेशिक बातमीपत्रं, ग्रामीण भारतावर खोलात लिहिणारी 'पारी'. पारी पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केली आणि तिचे बरेच लेख मराठीत वाचायला मिळतात. इंग्रजी चालत असेल तर लंडनचा गार्डियन वेबसाइटवर मोफत आहे, तो वाचकांच्या स्वेच्छा मदतीवर चालतो.

वाचनालयाचं दार

हा भाग मी जरा लांबवणार आहे, कारण माझा जीव त्यात आहे, आणि कारण सगळ्यात भक्कम वाट हीच असूनही फोन हातात आल्यापासून ती विसरली गेली आहे.

वेबसाइटवर 'प्रीमियम' असलेला लेख पुष्कळदा छापील अंकात येतो. त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी किंवा रविवारच्या पुरवणीत. आणि छापील अंक गावच्या वाचनालयात टेबलावर पडलेला असतो. बहुतेक शासनमान्य वाचनालयांत वृत्तपत्र विभाग सगळ्यांना खुला असतो, पुस्तकांसाठी लागते तशी वर्गणी तिथे लागत नाही. कोकणात ही परंपरा फार जुनी आहे. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं. म्हणजे पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये 'दर्पण' काढला, त्याच्याही आधीचं. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं, २०२१ च्या जुलैतल्या पुराने त्याला बुडवलं आणि ते पुन्हा उभं राहिलं. सावंतवाडीला श्रीराम वाचन मंदिर आहे. या संस्थांनी इतकी वर्षं लोकांना फुकट वर्तमानपत्र वाचू दिलं आहे.

तिथे गेल्यावर काय करायचं? वेबसाइटवरून लेखाचं नाव, लेखकाचं नाव आणि तारीख फोनमध्ये टिपून न्या. कुलूप असलं तरी एवढं दिसतंच. ग्रंथपालांना तारीख सांगा. बहुतेक ठिकाणी मागच्या काही आठवड्यांचे अंक गठ्ठ्यात बांधून ठेवलेले असतात, पण रद्दी कधी जाते ते प्रत्येक वाचनालयाचं वेगळं, म्हणून महिना उलटू देऊ नका. एक लक्षात ठेवा: मुंबईची दैनिकं कोकणात वेगळ्या आवृत्तीत येतात. वेबसाइटवर मुंबईच्या पानावर असलेला लेख आपल्याकडच्या अंकात नसेलही. तेव्हा निराश न होता संपादकीय पान आणि पुरवणी चाळा, कारण ती पानं बहुधा सगळीकडे सारखी असतात. लेख सापडला की स्वतःपुरता फोटो काढायला ग्रंथपालांना विचारा. आम्ही कुणाला नाही म्हणत नाही. फक्त अंक उताणा करून त्यावर कोपर टेकवू नका, मागून वाचणारे असतात.

आणि वाचनालय तुमचा आवडता अंक घेत नसेल तर मागणी नोंदवा. आमच्याकडे चार जणांनी सही करून मागितलं म्हणून एक इंग्रजी दैनिक सुरू झालं. मुलं स्पर्धा परीक्षेसाठी ते वाचतात.

कॉलेजात शिकणाऱ्यांनी आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात चौकशी करावी. तिथून मिळणारी एन-लिस्टसारखी सोय संशोधनपत्रिकांसाठी आहे, वर्तमानपत्रांसाठी नाही, पण बातमी एखाद्या संशोधनावर असेल तर मूळ शोधनिबंध तिथून वाचता येतो.

चाकरमान्यांना सांगा

मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकांपैकी कुणीतरी सबस्क्रिप्शन घेतलेलं असतं. बऱ्याच वृत्तपत्रांनी सदस्यांना लेख भेट देण्याची सोय दिली आहे. न्यूयॉर्क टाइम्सचा सदस्य महिन्याला दहा लेख भेट देऊ शकतो. सदस्याने लेखाखालचं 'गिफ्ट' किंवा 'शेअर' बटण दाबून तिथली लिंक पाठवायची, वरच्या पट्टीतली नाही. पट्टीतली कॉपी केली तर तुमच्याकडे पुन्हा कुलूपच येईल. ही चूक सगळे करतात. काही भेट-लिंका थोड्या दिवसांनी बंद पडतात, तेव्हा आली की वाचून घ्या.

पासवर्ड मागू नका. भाच्याला अवघड वाटतं, वर्तमानपत्राच्या अटींत ते बसत नाही, आणि एका खात्यात चार ठिकाणांहून शिरलं की खातंच बंद व्हायची भीती.

लेखक स्तंभ लिहिणारे असतील तर त्यांची स्वतःची वेबसाइट किंवा समाजमाध्यमावरचं पान बघा. कित्येक जण काही दिवसांनी आपला लेख तिथे टाकतात. न सापडल्यास नम्रपणे मेल करून विचारायलाही हरकत नाही. आपण कोण, लेख कशासाठी हवा, एवढं दोन ओळींत लिहा.

जुना लेख, मेलेली लिंक

पाच-दहा वर्षांपूर्वीचा लेख शोधताना 'पान सापडत नाही' असं येतं. त्यासाठी इंटरनेट अर्काइव्ह ही अमेरिकेतली ना-नफा संस्था आहे, १९९६ पासून ती वेबपानांच्या प्रती जपते. तिचं वेबॅक मशीन उघडा, जुनी लिंक चौकोनात टाका. वर्षांची पट्टी आणि खाली दिनदर्शिका येईल. ज्या तारखांभोवती गोल असेल त्या दिवशी प्रत घेतलेली आहे, गोलावर बोट ठेवायचं. मराठी पानांच्या प्रती कमी असतात, आणि काही वृत्तपत्रांनी आपली पानं तिथे जपू दिलेली नाहीत, तेव्हा मिळेलच असं नाही. त्याहून जुनं, शंभर वर्षांपलीकडचं काही हवं असेल तर मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं 'ग्रंथ संजीवनी' हे डिजिटल दालन घरबसल्या बघता येतं.

या वाटेला जाऊ नका

कुलूप फोडून देतो म्हणणारी ॲप आणि वेबसाइट पुष्कळ आहेत. त्यांचा भरवसा धरू नका. ट्वेल्व्ह फूट नावाची अशी एक प्रसिद्ध वेबसाइट अमेरिकेतल्या वृत्तप्रकाशकांच्या संघटनेने २०२५ मध्ये बंद पाडली. 'गूगलची कॅश, म्हणजे गूगलने साठवलेली पानाची प्रत, उघडा' हा सल्ला अजून फिरतो, पण गूगलने ती सोयच २०२४ मध्ये काढून टाकली. व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे फोनवर ॲप बसवणारी, फाइल आली, 'सगळे पेपर फुकट' असं लिहून, तर ती अजिबात बसवू नका. अशा फाइलीतून फोनमधले संदेश वाचले जातात, ओटीपी त्यातच येतो.

रोज सकाळी ग्रुपवर येणारे पूर्ण ई-पेपरचे पीडीएफही नकोत. २०२० मध्ये दैनिक जागरणच्या तक्रारीवरून दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला असे चॅनल काढायला लावले होते. आणि कायद्याच्या पलीकडचंही एक कारण मला मनापासून वाटतं. वैभववाडीतला दरड कोसळल्याचा फोटो काढायला भर पावसात जाणारा वार्ताहर आपल्यातलाच असतो, आणि त्याला मिळतात ते पैसे आधीच थोडे आहेत. म्हणून मी दाखवलेल्या सगळ्या वाटा एक तर मुळातच खुल्या किंवा वर्तमानपत्राने स्वतः ठेवलेल्या आहेत, नाही तर वाचनालयाने अंक विकत घेऊन उघडलेल्या.

एखादं दैनिक रोजच लागत असेल तर वर्गणी जरूर घ्या, सवलतीतही घ्या, फक्त डोळे उघडे ठेवून. आमच्या शेजारच्या ताईंनी एका दैनिकाची नाममात्र पैशांची चाचणी योजना घेतली. महिन्याने खात्यातून वर्षाची पूर्ण रक्कम गेली. पैसे भरताना त्यांनी ऑटोपेला, म्हणजे पुढची रक्कम आपोआप कापायला, मंजुरी दिली होती आणि ते त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. पैसे भरण्याच्या पानावर 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' हे शब्द आहेत का ते बघा. असतील तर वर्गणी घेतल्याच्या दिवशीच आपल्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन ते रद्द करता येतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशी रक्कम कापण्याआधी निदान २४ तास सूचना यावी लागते, तेव्हा तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका.

रेंज असताना साठवून ठेवा

शेवटचं हे पावसाळ्यासाठी. आमच्याकडे जूनमध्ये वीज गेली की टॉवर जातो, आणि खाली वाडीत एरवीही एकच कांडी असते. लोक सड्यावर जाऊन फोन लावतात. तिथे उभ्या उभ्या मोठा लेख वाचून होत नाही. म्हणून लेख उघडला, पूर्ण दिसला, की लगेच जपून ठेवायचा. क्रोममध्ये वरच्या तीन टिंबांवर बोट ठेवा, खाली बाण असलेली डाउनलोडची खूण दाबा. पान फोनमध्ये उतरतं. ती खूण नसेल तर त्याच यादीत 'शेअर', मग 'प्रिंट', आणि प्रिंटरच्या जागी 'पीडीएफ म्हणून सेव्ह करा' निवडा. नाव देताना तारीख आधी लिहा, म्हणजे नंतर सापडतं. नुसती लिंक बुकमार्क करून उपयोग नाही, ती उघडायला पुन्हा रेंज लागते आणि मोफत लेखांतला एक पुन्हा मोजला जाऊ शकतो.

साठवल्यावर फोन विमान मोडवर टाका आणि फाइल एकदा उघडून शेवटपर्यंत सरकवून बघा. अर्धीच उतरली असेल तर ती तिथेच, सड्यावरच कळू दे. खाली उतरल्यावर कळलं तर पुन्हा चढ चढावा लागतो.